मुक्या साक्षीदाराची साक्ष

(डहाणू येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



गुन्ह्यांच्या तपासात विज्ञानाचा उपयोग कसा होतो, हा आजचा विषय आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तेव्हा परीक्षानळीत काय घडते हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण पत्रकार म्हणून न्यायालयाच्या बाकांवर बसून मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. प्रयोगशाळेत जे सिद्ध होते, त्याचे भवितव्य बहुतेक वेळा प्रयोगशाळेबाहेरच ठरून गेलेले असते. घटनास्थळी पहिला माणूस पोहोचतो, तो तेथे काय करतो यावर ते अवलंबून असते. तो पहिला माणूस पोलीस असतोच असे नाही. आपल्या या डोंगरपट्ट्यात तो बहुधा गावचा पाटील असतो, शिक्षक असतो किंवा तुमच्यासारखा एखादा कार्यकर्ता असतो. म्हणून हा विषय तुमचा आहे.

डहाणूत उभे राहून या विषयावर बोलायचे आणि गडचिंचल्याचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. १६ एप्रिल २०२० ची ती रात्र. देशभर टाळेबंदी होती. जुना आखाड्याचे दोन साधू, सत्तर वर्षांचे कल्पवृक्षगिरी महाराज आणि पस्तिशीतले सुशीलगिरी महाराज, गुरूंच्या अंत्यविधीसाठी कांदिवलीहून सुरतेकडे निघाले होते. सोबत त्यांचा तरुण वाहनचालक होता. महामार्गावर अडवले जाऊ या धास्तीने त्यांनी आतला रस्ता धरला. दादरा नगर हवेलीच्या सीमेलगत गडचिंचले येथील वनखात्याच्या चौकीपाशी गाडी थांबली आणि जमाव गोळा झाला. मुले पळविणारे, चोर, अवयव काढून नेणारे लोक रात्री फिरत आहेत, अशा अफवा कित्येक दिवस या पट्ट्यात भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. दोनच दिवसांपूर्वी, १४ एप्रिलला, याच तालुक्यात सारणी येथे मदतीसाठी गेलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवर आणि पोलिसांवर हल्ला झालेला होता. त्या रात्री कासा पोलीस ठाण्याचे पोलीस पोहोचले, तरी तिघेही वाचले नाहीत. वृद्ध साधू पोलिसाचा हात धरून बाहेर येत आहेत, ही चित्रफीत आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे. ती पाहून झोप न लागलेल्यांपैकी मीही एक आहे. पुढे तीन पोलिसांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. रक्षकाच्या हातात हात असताना माणूस मारला जातो, ही जखम बडतर्फीने भरून येत नाही.

आता भावना क्षणभर बाजूला ठेवून तपासाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. समोर तीन देह आहेत. उलटलेली, फोडलेली गाडी आहे. काठ्या, दगड, कुऱ्हाडी विखुरलेल्या आहेत. जमाव अंधारात जंगलात पांगला आहे. पहिल्या काही दिवसांत शंभरावर लोक ताब्यात घेतले गेले आणि पुढे अटकेचा आकडा दीडशेच्या वर गेला. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने जुलै २०२० मध्ये हजारो पानांचे दोषारोपपत्र डहाणूच्या न्यायालयात दाखल केले. पाने हजारो असली, तरी प्रत्येक आरोपीपुढे प्रश्न एकच उभा असतो : हा माणूस तेथे होता काय, आणि असल्यास त्याने काय केले?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आजच्या साऱ्या व्याख्यानाचे सार यात आहे, म्हणून थोडे मागे, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बंगालमध्ये जाऊ.

जलपैगुडीच्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक १८९७ साली गळा चिरलेल्या अवस्थेत बिछान्यात सापडला. पेटी उचकटलेली, पैसे गेलेले. संशय कोणावर? मळ्यातील मजुरांवर, कपड्यांवर रक्ताचे डाग असलेल्या स्वयंपाक्यावर, आणि जवळपास तळ ठोकून असलेल्या भटक्या काबुल्यांच्या टोळीवर. बाहेरून आलेला, अनोळखी, भटका माणूस दिसला की बोट आधी त्याच्याकडे वळते. ही सवय आजची नाही. स्वयंपाकी सांगत होता की डाग कबुतराच्या रक्ताचे आहेत. रासायनिक तपासणीने त्याला दुजोरा दिला आणि बिचारा सुटला. मग पेटीत एक पंचांग सापडले. त्यावर तपकिरी डाग होते आणि एका डागात अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. त्याच वर्षी कोलकात्यात जगातले पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले होते. तेथील संग्रहात हा ठसा जुळला तो व्यवस्थापकाच्याच एका जुन्या नोकराशी. चोरीबद्दल याच मालकाने त्याला पूर्वी तुरुंगात धाडले होते. काबुली नव्हेत, मजूर नव्हेत, स्वयंपाकीही नव्हे.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. या पद्धतीचे वर्गीकरण ज्यांच्या गणिती बुद्धीने उभे राहिले, ते अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे भारतीय पोलीस अधिकारी होते. जगभर पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. असो.

खटल्याचा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८९८ साली न्यायालयाने त्या नोकराला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनातून मात्र सोडले. का? ठसा इतकेच सांगत होता की या माणसाचा रक्ताळलेला अंगठा त्या पंचांगाला लागला. सुरी कोणी चालविली हे ठसा सांगत नव्हता आणि पाहणारा कोणी नव्हता. ज्या न्यायाधीशांनी हा निकाल दिला, त्यांच्या पायापाशी बसावे असे मला वाटते. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकायचे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, हे त्यांनी या शास्त्राच्या बाल्यावस्थेतच ओळखले होते.

हे सूत्र घेऊन पुन्हा गडचिंचल्यास या. शवविच्छेदन काय सांगेल? जखमा बोथट वस्तूच्या की धारदार, त्यांची संख्या किती, त्यांतली प्राणघातक कोणती. डॉक्टर काठी ओळखतील. काठी धरणारा हात ओळखणार नाहीत. मग जप्त केलेली काठी प्रयोगशाळेत जाते. काठीच्या एका टोकाला मृताचे रक्त आणि दुसऱ्या टोकाला, मुठीपाशी, धरणाऱ्याच्या त्वचेच्या पेशी, असे मिळाले तर डीएनए परीक्षणाने दोघांची गाठ पडू शकते. आपल्या देशात हे तंत्र रुजविण्याचे श्रेय हैदराबादच्या डॉ. लालजी सिंह यांना जाते. पण तीच काठी पंचनाम्यापूर्वी चार जणांनी उचलून बघितली असेल, तर मुठीपाशी पाचांच्या पेशी मिळतील आणि आरोपीचा वकील उरलेल्या चौघांकडे बोट दाखवील. खडबडीत दगडावर बोटांचे ठसे सहसा मिळतच नाहीत. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, तर आपल्या या किनारपट्टीच्या दमट हवेत तो कुजू लागतो आणि रक्तातला डीएनए नष्ट होतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. एवढी साधी गोष्ट. पण ती चुकली की कलिन्याच्या प्रयोगशाळेतील तज्ज्ञ कितीही निष्णात असोत, त्यांच्या हाती काही उरत नाही.

भ्रमणध्वनीचे मनोरे बोलतात, असे आपण वृत्तपत्रांत वाचतो. बोलतात खरे. मुंबईचा गुन्हेगार म्हणाला की मी घरी होतो आणि त्याचा फोन तलासरीच्या मनोऱ्यावर नोंदला गेला असेल, तर तो पुरावा भक्कम. परंतु गडचिंचल्यात राहणाऱ्या माणसाचा फोन गडचिंचल्याच्या मनोऱ्यावर नोंदला गेला, यातून काय सिद्ध झाले? तो तर रोज रात्री तेथेच असतो. डोंगराळ भागात एक मनोरा कित्येक पाड्यांना पुरतो. जमावाच्या गुन्ह्यात स्थानिक माणसाविरुद्ध हा पुरावा म्हणूनच फार लंगडा असतो.

उरते चित्रीकरण. तेच या प्रकरणात निर्णायक ठरत गेले. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने ८९ आरोपींना जामीन दिला. आपल्या घरांत त्या दिवशी संताप होता, हे मला माहीत आहे. पण बचाव पक्षाचे म्हणणे काय होते? हे लोक तेथे केवळ हजर होते, मारहाणीत त्यांचा हात दिसत नाही. मग एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे अठरा जणांचे अर्ज आले. दहा जणांना जामीन मिळाला, आठ जणांना नाकारला गेला. एकच रात्र, एकच जमाव, एकच आरोपपत्र. फरक होता तो चित्रीकरणात आणि इतर पुराव्यांत प्रत्येकाचे कृत्य प्रथमदर्शनी दिसते की नाही याचा. जलपैगुडीचा न्याय १२४ वर्षांनी पुन्हा झाला म्हणा ना.

बेकायदा जमावाचा समान उद्देश सिद्ध झाला तर प्रत्येक सदस्य जबाबदार, असे कायदा म्हणतो, हे येथील वकील बंधू मला सांगतील. ते खरे आहे. पण १९६४ च्या मसालती खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय हेही सांगत आले आहे की मोठ्या जमावाच्या गुन्ह्यात एखाद्याला शिक्षा द्यायची, तर दोन-तीन वा अधिक साक्षीदारांच्या सुसंगत कथनाचा आधार पाहणे इष्ट. पाहायला आलेला आणि मारायला आलेला यांतली रेषा पुसली गेली, की दोन अनर्थ संभवतात. निरपराध वनवासी वर्षानुवर्षे तुरुंगात कुजतो, आणि त्याच्या आडोशाने खरा मारेकरी निसटतो. साधूंना न्याय हवा असेल, तर ही रेषा ठळक झाली पाहिजे, अशी इच्छा आपण इतर कोणाहूनही अधिक धरली पाहिजे. गडचिंचले आपलेच आहे. ते साधूही आपले होते आणि त्या पाड्यांवरची घरेही आपलीच आहेत.

आता थोडे अप्रिय बोलतो. ज्या अफवेने तिघांचे प्राण घेतले, तिच्या पाठोपाठ दुसऱ्या अफवा निघाल्या. दोन-तीन दिवसांतच या हत्येला परधर्मीयांचा रंग देणारे संदेश फिरू लागले. आपल्या काही घरांतूनही ते पुढे गेले. गृहमंत्र्यांनी अटकेतील १०१ जणांची यादी जाहीर केली, तीत एकही मुसलमान नव्हता. या कृत्यामागे काही शक्तींचे पूर्वनियोजन होते, असा संशय आपल्यापैकी अनेकांनी जाहीरपणे मांडला. या भागातील जुने वैचारिक संघर्ष ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांच्या मनात तो येणे मी समजू शकतो. माझ्याही मनात आला होता. तथापि गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासाने अफवा हेच कारण पुढे ठेवले. पुढील तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्यास राज्य शासनाने संमती दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मागणीची याचिका निकाली काढली. संशय असणाऱ्याने संशयाला पुरावा जोडावा, न्यायालयात द्यावा. पुरावा जोडता येत नसेल, तर तो संशय म्हणूनच मनात ठेवावा. मुले पळविणाऱ्यांची बातमी पुढे पाठविणाऱ्यालाही आपण गावाचे रक्षण करीत आहोत असेच वाटत होते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात असेच घडले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून जगणारे, मंगळवेढ्याकडून आलेले. मुले पळविणारे समजून त्यांना ठेचून मारण्यात आले. गोसाव्याला भिक्षा घालणारा आपला समाज. त्याच्याच हातून हे घडावे! त्याही प्रकरणात चित्रफिती होत्या. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

चित्रफीत म्हटले की आपल्याला वाटते, झाले, पुरावा मिळाला. तसे नसते. येथे महाराष्ट्रातल्याच एका वादाने देशाला धडा दिला आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला चालला, तो निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणापाशी अडला. चित्रीकरणाची प्रत होती, पण कायद्याने लागणारे प्रमाणपत्र नव्हते. जुलै २०२० मध्ये, म्हणजे गडचिंचल्याचे आरोपपत्र दाखल झाले त्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला : मूळ उपकरण न्यायालयात हजर केले तर प्रश्न नाही; पण प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने त्या प्रमाणपत्रात आणखी एका गोष्टीची भर घातली आहे. प्रत्येक संगणकीय नोंदीचा गणिताने काढलेला एक लांबलचक संकेतांक असतो. चित्रफितीतला एक कण जरी बदलला तरी तो संकेतांक बदलतो. लाखेच्या मोहरेचा हा नवा अवतार समजा.

आता पाहा, आपण काय करतो. कोणीतरी फोनवर चित्रण करतो, ते समूहावर टाकतो, आणि मग भीतीने मूळ चित्रण पुसून टाकतो. समूहावरून फिरताना चित्रफीत आकसते, चेहरे पुसट होतात, कधी व कोणत्या फोनवर काढली याची आतली नोंद गळून पडते. शंभर फोनांवर शंभर प्रती असतात आणि मूळ कोठेच नसते. ज्याने चित्रण केले, त्याने ते कोणालाही न पाठविता फोन तसाच ठेवावा आणि पंचांसमक्ष पोलिसांना द्यावा. फोन गेला म्हणून महिनाभर अडचण होईल. त्याने पाठविण्याचे टाळले, तर समाजातील आग भडकण्याचेही टळेल, हा दुसरा लाभ.

याच कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीतील दुसरी घटना तुम्हाला आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या आसनावरील दोघे गेले. त्यांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्या गाडीच्या यंत्रात स्मरणाची एक चकती होती. उत्पादक कंपनीने तिच्यातील नोंद वाचून पोलिसांना कळविले की धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता, मग रोधक दाबला गेला आणि धडकेच्या क्षणी तो ८९ होता. सेकंदांचा हिशेब! कोणी साक्षीदार उलटला नाही, कोणाला विस्मरण झाले नाही. चारोटीहून गडचिंचले फार दूर नाही. एका ठिकाणी निर्जीव यंत्राने पाच सेकंदांची रोजनिशी जपली. दुसऱ्या ठिकाणी जिवंत माणसांच्या एवढ्या मोठ्या गर्दीतून कोणी काय केले, हे शोधण्यास वर्षे लागतात. मला ही तुलना फार टोचते.

यंत्र बोलते, कारण त्याला भय नसते. माणसाला असते. म्हणूनच पंच मिळत नाहीत. पोलीस आले की शिकलेली माणसे आधी मागच्या दाराने निघून जातात; पंच म्हणून उभा राहतो तो नाक्यावरचा पानवाला किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही असा मजूर. आठ वर्षांनी उलटतपासणीत त्याला विचारतात की पाकिटावरील सही तुमचीच ना, वस्तू तुमच्यासमोर बंद केली ना? तो गडबडतो आणि प्रयोगशाळेचा निर्दोष अहवाल पोरका होतो. वस्तू घटनास्थळावरून निघून ठाण्यात, तेथून कलिन्यास, तेथून न्यायालयात गेली. वाटेत ती कोणाकोणाच्या हातात होती याची साखळी अखंड असावी लागते. एक कडी निसटली की सगळे गेले. शीना बोरा प्रकरणात तर पेणजवळ सापडलेल्या अस्थी २०२४ मध्ये सापडत नाहीत असे न्यायालयात सांगितले गेले आणि नंतर त्या तपास यंत्रणेच्याच कार्यालयात मिळाल्या! मोठमोठ्या यंत्रणांची ही गत, तर आडगावच्या ठाण्यातील मुद्देमालाच्या खोलीविषयी काय बोलावे?

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्याचे चित्रण करणे बंधनकारक केले आहे. ते कधीपासून लागू करायचे हे राज्यांनी पाच वर्षांच्या आत ठरवायचे आहे. झडती व जप्तीचेही चित्रण आता करावे लागते. फिरत्या प्रयोगशाळांची वाहने २०२५ पासून राज्यात दाखल होऊ लागली. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु पावसाळ्यात डोंगरातल्या पाड्यापर्यंत ते वाहन पोहोचेपर्यंत काही तास जातील. त्या तासांत घटनास्थळ कोणाच्या ताब्यात असेल? दोरी बांधून लोकांना लांब उभे करायचे, काही उचलायचे नाही, पाऊस आला तर पाऊलखुणेवर घमेले पालथे घालायचे, कोण किती वाजता आले ते वहीत लिहायचे. यासाठी पदवी लागत नाही. लोक ज्याचे ऐकतात असा एक माणूस मात्र लागतो.

तसा माणूस एका दिवसात तयार होत नाही. कल्याणचे नगराध्यक्षपद भूषविलेले माधवराव काणे तलासरीस येऊन राहिले, ते लोकांना शिकवायला नव्हे तर लोकांत राहायला. ज्या पाड्यावर रोजचे जाणे-येणे आहे, तेथे 'अमका माणूस मुले पळवितो' अशी आवई उठली, तर दार ठोठावून विचारायला कोणीतरी ओळखीचे असते. गडचिंचल्यात त्या रात्री गावच्या सरपंच भगिनींनी जमावाला थोपविण्याचा प्रयत्न केला होता. त्या एकट्या पडल्या. त्यांच्या शेजारी उभे राहायला आणखी दहा जण असते तर, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेकडे नाही.

वेळ झाली आहे. पंचनाम्याच्या वेळी पंचाने काय पाहावे व कोठे सही करावी, याविषयी ज्यांना प्रश्न आहेत, त्यांनी चहानंतर मागच्या खोलीत यावे. कोऱ्या पंचनाम्याचे काही नमुने मी आणले आहेत, ते आपण बसून भरून पाहू.